नकाशाविना भूगोल : गोडसे भटजींची झाशी आणि एकोणिसाव्या शतकातील स्थलवर्णनाचे दोन मार्ग

१

विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाची मराठी समीक्षेने प्रामुख्याने दोन अंगांनी दखल घेतली आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे १८५७ च्या उठावाचे, विशेषतः झाशीच्या वेढ्याचे, एका मराठी माणसाने केलेले प्रत्यक्षदर्शी निवेदन म्हणून पाहिले आणि त्यातील तपशील इंग्रजी साधनांशी ताडून पाहिले. वाङ्मयेतिहासकारांनी त्याला मराठी प्रवासवर्णनाच्या आरंभस्थानी मानाचे पान दिले. पहिल्या वाचनात ग्रंथ साधन ठरतो, दुसऱ्यात तो आद्यत्वाचा मानकरी ठरतो. या दोहोंमध्ये एक प्रश्न मात्र अस्पर्शित राहतो. उत्तर हिंदुस्थानचा एवढा मोठा प्रदेश पायी तुडविणाऱ्या या याज्ञिकाने त्या प्रदेशाचे ज्ञान कोणत्या रीतीने मिळविले, कोणत्या मापांनी मोजले आणि कोणत्या क्रमाने मांडले? थोडक्यात, ‘माझा प्रवास’ हा भूगोलाचा ग्रंथ म्हणून वाचता येतो काय, आणि तसा वाचल्यास झाशीविषयी तो काय सांगतो?

हा प्रश्न तौलनिक दृष्टीने महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध हा युरोपात भूगोलशास्त्राच्या संस्थात्मक उभारणीचा काळ होता. लिस्बनची भौगोलिक संस्था १८७५ मध्ये स्थापन झाली आणि पोर्तुगालच्या आशियाई व आफ्रिकी वसाहतींचे वर्णन हे तिचे एक प्रमुख कार्य ठरले. हिंदुस्थानात इंग्रजी राजवटीने मोजणी, जमाबंदी आणि गॅझेटियर यांच्या द्वारा प्रदेशाचे ज्ञान दप्तरबंद केले. बुंदेलखंडापुरते बोलावयाचे तर एडविन ॲटकिन्सन यांनी संपादिलेल्या वायव्य प्रांतांच्या वर्णनमालेचा पहिला खंड १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याचा विषय बुंदेलखंड हाच होता. गोडसे भटजींनी आपली हकीकत लिहिली ती यानंतर, १८८३ च्या सुमारास. म्हणजे झाशीचा ‘शास्त्रीय’ भूगोल छापून तयार असताना कोकणातील एका खेड्यात झाशीचा एक दुसरा भूगोल स्मरणातून कागदावर उतरत होता.

२

ग्रंथाच्या जन्माची कथा सर्वपरिचित असली तरी प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तिची काही अंगे ध्यानात घेणे अवश्य आहे. पेणजवळील वरसई गावचे गोडसे घराणे भिक्षुकीवर जगणारे व कर्जाने गांजलेले होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून तेथे विद्वान ब्राह्मणांना मोठी दक्षिणा मिळेल, अशी वार्ता कोकणात पोहोचली, आणि तिशीच्या घरातील विष्णुभट आपले काका रामभट यांच्यासह १८५७ च्या पूर्वार्धात उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास वाटेत भेटलेल्या पलटणीच्या शिपायांकडून येऊ घातलेल्या बंडाची कुणकुण त्यांना लागली. पुढे उज्जैन, धार, ग्वाल्हेर असे करीत ते झाशीस आले. तेथे राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास राहिले, वेढा आणि शहराचा संहार यांतून वाचले, काल्पी, चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी असा प्रवास करून अखेर आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईस परतले. धन कमावण्यास निघालेला माणूस वारंवार लुटला जाऊन पाणी घेऊन घरी आला.

ही हकीकत सुमारे चोवीस-पंचवीस वर्षांनी लिहिली गेली ती चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. सरकारी रोषाच्या धास्तीमुळे ती लेखकाच्या हयातीत छापली गेली नाही. वैद्यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, पण भाषेवर व मजकुरावर संपादकीय हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ मध्ये वाचकांसमोर आली. एकाच ग्रंथाच्या दोन संहितांमध्ये जवळजवळ साठ वर्षांचे अंतर आहे. या अंतराचा प्रश्न पुढे पुन्हा उपस्थित होईल.

३

तुलनेसाठी येथे आंतोनियो लोपेस मेंदेस (१८३५–१८९४) या पोर्तुगीज लेखक-भूगोलवेत्त्याचा विचार उपयुक्त ठरतो. शिक्षणाने पशुवैद्यक व कृषितज्ज्ञ असलेले लोपेस मेंदेस १८६२ मध्ये गोव्यात आले आणि जवळपास दशकभर तेथे राहिले. त्यांचा ‘अ इंदिया पोर्तुगेझा’ हा द्विखंडात्मक ग्रंथ १८८६ मध्ये लिस्बनच्या भौगोलिक संस्थेच्या आश्रयाने राष्ट्रीय मुद्रणालयात छापला गेला. गोव्याचे तालुके, गावे, देवळे, चर्च, जाती, वेश, सण, पिके यांचे वर्णन आणि त्यांसोबत विपुल चित्रे व नकाशे असे त्याचे स्वरूप आहे.

गोडसे आणि लोपेस मेंदेस यांनी परस्परांविषयी ऐकले असण्याचा संभव नाही, तेव्हा येथे प्रभावाचा प्रश्नच उद्भवत नाही. साम्य आहे ते परिस्थितीचे. दोघेही उपजीविकेच्या निमित्ताने परप्रांती गेले. दोघांनीही तेथे पाहिलेले पुढे ऐंशीच्या दशकात ग्रंथरूपात मांडले. दोघांच्याही वर्णनात मराठीभाषक समाजाचा एक सीमावर्ती प्रदेश येतो : एकाच्या ग्रंथात गोव्याचा नवकाबिजादीचा मुलूख, दुसऱ्याच्या ग्रंथात बुंदेलखंडातील पेशवाईकालीन वसाहती. भेद आहे तो ज्ञानव्यवहाराचा. लोपेस मेंदेस यांच्या पाठीशी संस्था, मुद्रणालय आणि साम्राज्याची गरज उभी होती. गोडसे भटजींच्या पाठीशी होता एक जिज्ञासू तरुण यजमान.

या भेदाचा परिणाम मांडणीवर कसा होतो, हे पाहण्याजोगे आहे. संस्थाश्रित भूगोल प्रदेशाचे विभाग पाडतो आणि प्रत्येक विभागाला तीच ती प्रश्नावली लावतो. क्षेत्रफळ किती, लोकवस्ती किती, उत्पन्न काय, प्रेक्षणीय स्थळे कोणती. या पद्धतीत पाहणारा जागा बदलत असला तरी ग्रंथातील त्याचे स्थान स्थिर, उंचावरचे असते. ॲटकिन्सन यांच्या खंडात बुंदेलखंडाची जमीन मार, काबर, पडुवा, राकड अशा प्रतींमध्ये विभागलेली दिसते, कारण सारा ठरविण्यासाठी ती प्रतवारी लागते. गोडसे भटजींच्या लेखनात जमिनीची प्रत नाही. तेथे आहे तो मुक्काम, कोसांचे अंतर, विहिरीचे किंवा नदीचे पाणी, ओळखीचे घर, अन्नछत्र आणि दक्षिणेची अपेक्षा. ही मापे ढोबळ खचित नव्हेत. चालणाऱ्या माणसाला दिवसाचा निर्वाह ज्यांवर करावयाचा असतो तेवढ्याच गोष्टी त्यांत नेमकेपणाने येतात. नकाशा स्थळाचे अंतर सांगतो. मुक्कामांची माळ ते अंतर चालता येईल की नाही, आणि चालल्यावर दार कोण उघडील, हे सांगते.

४

या मापांनी पाहिल्यास झाशीपूर्वीचा उत्तर हिंदुस्थान हा गोडसे भटजींच्या दृष्टीने परदेश ठरत नाही. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, ब्रह्मावर्त, चित्रकूट, काशी ही त्यांच्या लेखी एका सलग प्रदेशाची ठाणी आहेत. या सलगतेला ऐतिहासिक आधार होता. १६१३ मध्ये ओर्छाच्या बीरसिंहदेवाने बांगरा टेकडीवर बांधलेला झाशीचा किल्ला अठराव्या शतकाच्या मध्यास मराठ्यांकडे आला, नारो शंकर यांच्या सुभेदारीत शहराची वाढ झाली आणि पुढे नेवाळकर घराण्याची सत्ता तेथे स्थिरावली. या सत्तेबरोबर कारकून, शास्त्री, पुराणिक, आचारी, सावकार अशी कोकणातील व देशावरील कुटुंबे बुंदेलखंडात वसली. वरसईच्या याज्ञिकाला झाशीत थारा मिळतो तो या जाळ्यामुळे. त्याच्या भूगोलातील रस्ते नात्यांचे, शाखा-सूत्रांचे आणि आश्रयाचे आहेत.

पण हेच जाळे प्रवासाच्या आधीच उसवत चालले होते. जालौनचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले. १८५१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या निधनानंतर ब्रह्मावर्ताचा तनखा बंद झाला. गंगाधररावांचे १८५३ मध्ये निधन झाल्यावर दत्तकविधान नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा करण्यात आली, आणि नागपूरची गत त्याच वर्षी तीच झाली. दानाचे एकेक केंद्र असे विझत असताना मथुरेच्या यज्ञाची बातमी कोकणात एवढी खळबळ का माजविते, याचे उत्तर येथे मिळते. गोडसे भटजी यात्रेस निघाले त्या वेळी त्यांच्या भूगोलाची बहुतेक ठाणी कागदोपत्री पुसली गेली होती. त्यांच्या पावलांना ती अजून ठाऊक होती, इतकेच.

झाशीचे वेढ्यापूर्वीचे वर्णन या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्यातील तृप्तीचा अर्थ उलगडतो. राणीची दिनचर्या, तिचा व्यायाम, महालक्ष्मीच्या दर्शनास जाण्याचा थाट, विद्वानांचा सत्कार, वाड्यातील ग्रंथसंग्रह यांचे वर्णन गोडसे भटजी रंगून करतात. इतिहासकाराला यात राणीच्या व्यक्तित्वाचे पुरावे दिसतात. स्थलवर्णनाच्या दृष्टीने पाहता येथे एक नगर त्याच्या व्यवस्थेनिशी उभे राहते : देऊळ, तलाव, वाडा, पेठ, पोथ्यांची खोली आणि यांना जोडणारा नित्यक्रम. नगर म्हणजे इमारतींचा समूह नसून त्यांमधील ये-जा होय, ही जाणीव लेखकाला आहे. ती त्याने सिद्धान्तरूपाने कोठेही सांगितलेली नाही.

५

सर ह्यू रोज यांच्या फौजेने २१ मार्च १८५८ रोजी झाशी गाठली. तात्या टोपे यांचा १ एप्रिलला बेतवेकाठी पराभव झाला, ३ एप्रिलला इंग्रजी फौज शहरात शिरली आणि त्यानंतर राणी किल्ल्यातून निसटून काल्पीकडे गेल्या. याच वेढ्याचे वर्णन करणारे थॉमस लो यांचे पुस्तक १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. लो हे मद्रास सॅपर्स अँड मायनर्स दलाचे वैद्यकीय अधिकारी होते. त्यांचे पुस्तक आणि ‘माझा प्रवास’ ही दोन वर्णने शेजारी ठेवली असता एकाच शहराचे दोन भूगोल समोर येतात.

बाहेरून पाहणाऱ्याला झाशी म्हणजे तट, बुरूज, तोफांच्या माऱ्याच्या दिशा, खिंडार पडण्याजोगी जागा आणि शिड्या लावण्याजोगी भिंत. शहर हे त्याच्यापुढील एक कोडे असते आणि तटाला खिंडार पडताच ते सुटते. आतून पाहणाऱ्याचा प्रदेश दिवसेंदिवस आक्रसत जातो. प्रथम गावाबाहेरची वाट बंद होते, मग पेठ, मग गल्ली, आणि शेवटी उरते ती लपण्याची एक काळोखी खोली व तिच्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर. शेकडो कोसांची मोजदाद करणारा लेखक आता हातांवर अंतर मोजतो. याच ठिकाणी त्याच्या वर्णनपद्धतीचे सामर्थ्य दिसते. जी मापे त्याने प्रवासासाठी वापरली, तीच (पाणी, आसरा, ओळखीचे दार) संहारातही लागू पडतात, फक्त त्यांची किंमत बदलते.

लुटीचे वर्णन या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. निरनिराळ्या पलटणींनी निरनिराळ्या दिवशी, मौल्यवान धातूंपासून घरगुती जिनसांपर्यंत क्रमाक्रमाने शहर कसे रिते केले, हे गोडसे भटजी जवळजवळ यादीच्या शिस्तीने सांगतात. गॅझेटियरमध्ये जिल्ह्याच्या उत्पन्नाची यादी असते. येथे एका शहराच्या रिकामे होण्याची यादी आहे. यज्ञयागातील सामग्री क्रमाने मांडण्याची सवय असलेल्या माणसाचे मन अत्याचाराचीही मांडणी क्रमानेच करते, आणि त्या क्रमामुळे शोकाचा उद्गार न काढताही वर्णन असह्य होते. वाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाचा प्रसंग हा याच मांडणीचा भाग आहे. पोथ्या बांधलेली वस्त्रे हाही लुटीचा माल ठरतो आणि पोथ्या मात्र निरुपयोगी म्हणून विखुरल्या जातात. वेदशास्त्रसंपन्न लेखकाच्या दृष्टीने शहर येथे संपते.

काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी घडलेली राणीची भेट मराठी वाचकाच्या मनावर ठसलेली आहे. धुळीने माखलेली राणी विद्वान ब्राह्मणाला पाणी काढू न देता स्वतःच पाणी काढते, हा प्रसंग सामान्यतः राणीच्या थोरवीचा दाखला म्हणून उद्धृत केला जातो. परंतु ग्रंथातील स्थलमापांच्या संदर्भात त्याला आणखी एक परिमाण आहे. वाड्यात आश्रय देणारी आणि आश्रय घेणारा आता एकाच विहिरीच्या काठावर उभे आहेत. दक्षिणेचा भूगोल मोडून पडला आहे. उरला आहे तो पाण्याचा. गंगेची कावड घेऊन लेखक घरी परततो, तेव्हा ग्रंथाच्या भूगोलातील हेच एक माप शाबूत राहिलेले असते.

६

या भूगोलाच्या मर्यादा दृष्टीआड करून चालणार नाही. तो एका विशिष्ट जातीच्या, विशिष्ट व्यवसायाच्या पुरुषाचा भूगोल आहे. ज्या घरांची दारे त्याला उघडतात त्यांच्याच आतील जीवन त्याला दिसते. झाशीतील एका विद्वान शास्त्र्याच्या व सफाईकाम करणाऱ्या जातीतील स्त्रीच्या संबंधाची हकीकत तो सांगतो, ती शहराच्या सामाजिक सीमांवर झगझगीत प्रकाश टाकते. तथापि त्या स्त्रीच्या वस्तीतून शहर कसे दिसत होते, हे सांगणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. झाशीच्या कोरी समाजातील झलकारीबाईची स्मृती वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ मधील हिंदी कादंबरीपासून वाङ्मयात ठळक होत गेली. झाशीचा तो दुसरा भूगोल मौखिक परंपरेत होता, आणि ‘माझा प्रवास’ला पूरक म्हणून त्याचे वाचन होणे अगत्याचे आहे. लोपेस मेंदेस यांच्या ग्रंथातही वर्णित जनसमूहांना स्वतःचा आवाज नाही. फरक एवढाच की तेथे ही अनुपस्थिती शास्त्रीय तटस्थतेच्या आवरणाखाली झाकलेली असते, तर गोडसे भटजींच्या बाबतीत ती उघड दिसते, कारण बोलणारा कोण आहे हे ग्रंथ कधीही लपवीत नाही. वर्णनकर्त्याचे स्थान वर्णनातच नोंदलेले असणे, हा या ‘अशास्त्रीय’ भूगोलाचा ज्ञानदृष्ट्या गुण मानावा लागेल.

७

आता संहितेच्या प्रश्नाकडे वळावयास हवे. वैद्यांनी ग्रंथ वाचविला, याविषयी दुमत नाही. पण १९०७ पर्यंत झाशीची राणी हा राष्ट्रीय स्मृतीचा विषय झाला होता. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे राणीचे चरित्र १८९४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. अशा वातावरणात सुबक केलेल्या संहितेत वाचकाचे लक्ष स्वाभाविकपणे बंडाच्या घटनांकडे गेले आणि मुक्काम, दक्षिणा, कर्ज, पाणी यांचा अखंड हिशोब दुय्यम ठरला. पोतदारांच्या संस्करणाने तो हिशोब अभ्यासकांच्या हाती मूळ स्वरूपात दिला, तरी वाचनाची सवय बदलली असे म्हणवत नाही.

भाषांतरांची शीर्षके या दृष्टीने बोलकी आहेत. अमृतलाल नागर यांच्या हिंदी भाषांतराचे नाव ‘आँखों देखा गदर’. मृणाल पांडे यांच्या २०११ मधील इंग्रजी भाषांतराचे शीर्षक १८५७ च्या महान उठावाची खरी कहाणी असल्याची ग्वाही देते. प्रिया आडारकर व शांता गोखले यांच्या २०१४ मधील भाषांतरात ब्राह्मण भिक्षुकाची साहसे शीर्षस्थानी येतात आणि प्रवास उपशीर्षकात उतरतो. पहिल्या दोन शीर्षकांत ‘प्रवास’ हा शब्द नाही, तिसऱ्यात तो दुय्यम आहे. प्रकाशनव्यवहाराच्या गरजा समजण्याजोग्या असल्या तरी तौलनिक अभ्यासकाने हे सरकणे नोंदवावयास हवे, कारण त्याबरोबर ग्रंथाचा प्रकारच बदलतो. प्रवासाचा ग्रंथ साक्षीचा ग्रंथ होतो, आणि साक्षीदाराला फक्त घटनेपुरतेच प्रश्न विचारले जातात.

८

झाशीचे पुढे काय झाले, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १८६१ मध्ये शहर व किल्ला शिंद्यांकडे देण्यात आला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात तो पुन्हा इंग्रजांनी घेतला. म्हणजे गोडसे भटजी हकीकत लिहीत होते तेव्हा झाशी नकाशावर तिसऱ्याच रंगाने रंगविलेली होती. लोपेस मेंदेस यांचा ग्रंथ लिस्बनला छापला गेला त्याच वर्षी हा अदलाबदलीचा व्यवहार झाला, हा केवळ योगायोग. पण स्थळ म्हणजे मोजता, रंगविता व बदलता येणारी वस्तू, ही जी धारणा त्या व्यवहारामागे आहे, तिच्याच प्रकाशात त्या काळचे संस्थात्मक भूगोललेखन घडले.

‘माझा प्रवास’मधील झाशी या व्यवहारात बसत नाही. कोकणापासून काशीपर्यंतचा मराठी समाजाचा जो प्रदेश पायांनी, नात्यांनी आणि अन्नदानाने जोडलेला होता, त्याचे सलग वर्णन करणारा हा एक अखेरचा लेख आहे. १८५८ नंतर ती कुटुंबे उत्तरेत राहिली, पण ती एकमेकांस जोडणारी वाट राहिली नाही. ग्रंथाला केवळ बंडाची हकीकत मानले तर ही हानी नोंदलीच जात नाही, कारण तिची नोंद घटनांमध्ये नसून मुक्कामांमध्ये आहे. म्हणून ‘माझा प्रवास’च्या अभ्यासाला यापुढे पोतदारप्रणीत संहिता आधारभूत मानून, त्यातील स्थळे, अंतरे, आश्रयस्थाने व पाणवठे यांची चिकित्सक सूची तयार करण्याची गरज आहे. तशी सूची सिद्ध झाल्यास गॅझेटियर आणि वसाहतकालीन भूगोलग्रंथ यांच्याशी त्याची तुलना तपशीलवार करता येईल आणि एकोणिसाव्या शतकातील भूगोल म्हणजे काय, या प्रश्नाच्या उत्तरात मराठीचाही वाटा निश्चित करता येईल.